वीस पावलांवर पेटलेला पाला

आज सकाळी सांगलीच्या विश्रामबागेत एका गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकून, एक हिरवी बादली ठेवलेली दिसली. खाली नळ, पोटावर पानाचं चित्र, झाकण बाजूला पडलेलं. घरच्या घरी खत करायची बादली. चांगले पैसे मोजून घेतलेली असणार. काठोकाठ भरलेली, आणि वास असा की माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जात होती.

तिथून मोजून वीस पावलांवर कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा ढीग पेटवलेला. धूर सगळ्या गल्लीत.

डोकं फिरलं ते बादलीमुळे नाही, धुरामुळे. त्या बादलीला जे औषध हवं होतं तेच शेजारी जळत होतं. काडी ओढणाऱ्याला काय वाटलं असेल? गल्ली स्वच्छ केली! घनकचरा नियमांत रस्त्यावर कचरा जाळायला सरळ मनाई आहे, पण नियमाचं सोडा, अहो ते सोनं आहे. वर्षातून एकदा, शिशिरात, झाडं फुकट टाकतात आणि आपण ते फुकून टाकतो. मग त्याच घरातली माणसं नारळाच्या भुशाची वीट ऑनलाइन मागवतात.

असो. बादलीकडे येतो. डोकावून बघितलं, कारण कचऱ्यावर बोलायचं तर कचऱ्यात बघावं लागतं. वर आमटी-भात, चिरलेलं कलिंगड, अख्खी लिंबं. मधे एक हिरवी पिशवी, 'विघटनशील' छापलेली, जशीच्या तशी. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, पाच-सहा. खाली काळं पाणी. अळ्या वळवळताहेत. आणि या सगळ्यावर फिनेल ओतलेलं. वाळकं पान? एकही नाही.

आता नीट ऐका, कारण ही एक बादली नाही. सांगलीत अशा शेकडो बादल्या बाल्कनीत उलट्या पडून आहेत आणि त्यांच्या घरातली माणसं "आपल्याला नाही जमत बाई" म्हणून गप्प बसली आहेत. जमत नाही असं काही नसतं. चुकीचं सांगितलेलं असतं.

पहिली गोष्ट, त्या बादलीला भोकं नव्हती. नळ आणि घट्ट झाकण असलेली बादली ही मुळात आंबवण्याच्या पद्धतीची, जिला बोकाशी म्हणतात. तिच्यात हवा मुद्दाम जाऊ द्यायची नसते. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर जीवाणू घातलेला कोंडा भुरभुरायचा, दाबून बसवायचं, झाकण घट्ट लावायचं, दर दोन-तीन दिवसांनी नळातून पाणी काढायचं आणि भरल्यावर दोन आठवडे हातही लावायचा नाही. नंतर ते मातीत पुरायचं, तेव्हा कुठे त्याचं खत होतं. लोक काय करतात? बादली ही घेतात, कोंडा संपला की परत आणत नाहीत आणि रोज झाकण उघडून काठीनं ढवळतात. म्हणजे धड आंबत नाही, धड कुजत नाही. सडतं. विकणारा हे सांगत नाही. त्याला बादली खपवायची असते.

दुसरी, आणि कोंड्याशिवाय, हवेवर कुजवायचं तर खरी गोष्ट: पाला. स्वयंपाकघरातला ओला कचरा पाण्यानं आणि नायट्रोजननं भरलेला असतो. कुजवणाऱ्या जीवाणूंना नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट कार्बन लागतो. भाजीच्या देठा-सालांत तो १५-२० पटच असतो. उरलेला कुठून आणणार? वाळक्या पाल्यातून. पाला आणखी दोन कामं करतो, जास्तीचं पाणी पितो आणि मधे पोकळी ठेवतो, म्हणजे हवा खेळते. पाला नसेल तर दोन-तीन दिवसांत खालचा थर चिकट होतो, हवा संपते, आणि मग सडक्या अंड्यासारखा तो वास. विश्रामबागेतल्या बादलीचं नेमकं हेच झालं होतं. रोग अळ्या नव्हत्या, पाल्याचा अभाव होता.

माप सोपं आहे. जेवढा ओला कचरा तेवढाच चुरलेला पाला, वजनानं नाही, आकारमानानं. एक डबा ओलं, एक डबा वाळकं. आमटी-भाताचं खरकटं असेल तर दीड डबा. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो, त्याला महिन्याला दाबून भरलेलं एक पोतं पाला लागतो. पावसाळ्यात कोरडं पान औषधालाही मिळत नाही, म्हणून आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्येच, सात-आठ पोती भरून ठेवायची. जिन्याखाली, गच्चीवर पत्र्याखाली, कुठेही, फक्त कोरडी. कडुनिंब, आंबा, पिंपळ, काहीही चालतं. आंब्याची पानं जाड, ती पोत्यात घालून वरून पायानं तुडवा. पोरांना सांगा, आनंदानं तुडवतील.

पाला नसेल तर? आपल्या भागात हा प्रश्नच विचारू नये. ऊस आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती आहे, चिपाडं मागितली की ढीग देतात. ती मात्र ओली टाकू नका, साखरेला मुंग्या आणि चिलटं येतात. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, बोटभर तुकडे करा. हळदीचा वाळलेला पाला आहे. गावाकडून येणाऱ्याला सांगून एक पोतं पाचट मागवा. लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पण मूठभरच आणि पाल्यात मिसळून, कारण नुसता भुसा गोळा होऊन बसतो आणि कुजायलाही फार वेळ घेतो. प्लायवुडचा भुसा अजिबात नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. भाताचं तूस लवकर कुजत नाही, पण हवा खेळती ठेवायला चांगलं. वर्तमानपत्र फाडून चालतं, चकचकीत पुरवणी नको.

आणि बादली? विकत घेऊच नका. वीस लिटरची रंगाची बादली चार माणसांच्या घरात पंधरवड्यात भरते, दोन-तीन लागतात. त्यापेक्षा पन्नास लिटरचे दोन जुने ड्रम बघा. सळई तापवून किंवा ड्रिलनं करंगळी जाईल न जाईल एवढी भोकं पाडा, चारी बाजूंनी, वीतभर अंतरावर, तीन ओळींत. पाच-सहा तळाला, काही झाकणाला. ड्रम दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या, म्हणजे पाणी निथळेल. त्यावर वीतभर पाला आणि विरजण म्हणून दोन मुठी जुनं शेणखत. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक. महागडी पावडर लागत नाही, ताकानं काम होतं.

रोज काय करायचं? कचरा इंचभर चिरून टाका. अख्खं लिंबू महिनाभर अख्खं राहतं, त्या बादलीतली लिंबं साक्षीला होती. आमटीचं पाणी निथळून घ्या. चहाचा चोथा एकदा धुऊन, अंड्याची टरफलं चुरून. वरून पाला असा की खालचं काही दिसता कामा नये, चिलटं तिथेच थांबतात. आठवड्यातून दोनदा खुरप्यानं तळापासून वर. बस्स, रोजची पाच मिनिटं.

ओल किती आहे बघायला मूठभर घेऊन पिळा. एक-दोन थेंब सुटले आणि गोळा टिकला तर ठीक. धार लागली तर पाला वाढवा. मुंग्या झाल्या तर कोरडं झालंय, पाणी शिंपडा. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर नायट्रोजन जास्त, पुन्हा पाला. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, खूश व्हा. मासे, मटण, हाडं या पद्धतीत नको. घरच्या ड्रममधला ढीग लहान असतो, मोठ्या खड्ड्यासारखा तापत नाही, म्हणूनच त्यात टोमॅटोच्या बिया मरत नाहीत आणि पुढे कुंडीत उगवतात.

अळ्यांचं सांगतो. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिकमाशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. त्या आल्या म्हणजे ओल जास्त झाली एवढाच निरोप. किळस येत असेल तर चार बोटं पाला घाला, ढवळा, दिसेनाशा होतात. पण फिनेल? फिनेलनं अळ्यांबरोबर कुजवणारे जीवाणूही मरतात. चुनाही नको, त्यानं नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो.

खरं सांगू, लिहायला बसलो तेव्हा त्या बादलीवाल्यांवरही राग होता. पण ते फिनेल डोक्यातून जाईना. कोणीतरी शेवटपर्यंत प्रयत्न करत होतं हो. वास येतोय, घरचे बोलताहेत, शेजारी बोलताहेत, म्हणून रात्री फिनेल ओतून बघितलं असेल आणि पहाटे उजाडायच्या आत, कोणी बघायच्या आधी, खांबाशी नेऊन ठेवलं असेल. त्यांना काय बोलणार. आयर्विन पुलावरून कृष्णेत दोऱ्यासकट निर्माल्याची पिशवी भिरकावणाऱ्यांपेक्षा ही माणसं शंभरपट बरी.

त्या हिरव्या पिशवीवर मात्र राग कायम आहे. तसल्या पिशव्या कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली ५५-६० अंशांची उष्णता आठवडेच्या आठवडे लागते. घरच्या बादलीत ती नसते. पिशवी लागतेच कशाला, डब्याला वर्तमानपत्र लावा. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. सुटा तुकडा भंगारवाला वेचत नाही, तो जातो गटारात नाहीतर खतात. पिशवी धुऊन, वाळवून रद्दीबरोबर दिली तर तो आनंदानं घेतो. वेफर्सचं आतून चंदेरी पाकीट मात्र कोणी घेत नाही, ते कमी आणणं हाच उपाय.

"वेगळं करून काय उपयोग, गाडीत सगळं एकत्रच टाकतात." काही ठिकाणी टाकतात, खरं आहे. म्हणूनच म्हणतोय, ओला कचरा घरातच मुरवा, गाडीपर्यंत गेलाच नाही तर मिसळणार कोण? घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तोच असतो, आणि तोच बाकीच्या कागद-प्लॅस्टिकची वाट लावतो. दोघं नोकरीला, लहान पोर, वन बीएचके, त्यांना नाही जमत, मान्य. पण गच्चीवाले बंगले? बागेला माळी आहे आणि माळीच पाला पेटवतो, त्यांचं काय?

पोस्ट वाचून कोणी विश्रामबागेतली ती बादली ओळखली, तर कृपा करून परत घेऊन जा. खराब झालेली नाही. गच्चीत एका फाटक्या पोत्यावर सगळं उपडं करा, नाकाला रुमाल बांधा, पिशवी आणि दुधाचे कोपरे वेचून काढा. दुप्पट पाला मिसळून दोन दिवस पसरून ठेवा, फिनेलचा वास उडेपर्यंत. मग दोन मुठी शेणखत घालून परत भरा. पाऊण-एक महिन्यात मातीचा वास येईल, अजून महिनाभर मुरू द्या, चाळा, आणि एक भाग खत दोन भाग माती असं कुंडीत घाला. भरण्याआधी बादलीला भोकं मात्र पाडा. आणि तो नळ काढून टाका, तिथे एक आयतंच मिळतं.