वर्दी घातली तरच नागरिक? फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

"वर्दी न घातलेला माणूस अर्धाच नागरिक. दोन वर्षं सैन्यात काढल्याशिवाय पदवी देऊ नका, मताचा हक्कही देऊ नका. घटनेत हे कर्तव्य लिहिलंच आहे, इस्रायलमध्ये असंच चालतं." हा संदेश आधी आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर आला, मग मुलांच्या. परवा लोकलमध्ये शेजारणीच्या फोनवरही तोच. मी स्वतः एनसीसीची कॅडेट होते, 'सी' सर्टिफिकेट मिळवलं आहे. म्हणूनच गप्प राहवत नाही.

घटनेबद्दल आधी. देशाचं रक्षण आणि हाक येईल तेव्हा राष्ट्रीय सेवा, हे कर्तव्य 51क मध्ये आहे, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आलेलं. कलम 23 नुसार सरकार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावूही शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेद करता येत नाही. पण नागरिकत्व ठरतं कलम 5 ते 11 आणि 1955 च्या कायद्यावर. तिथे सैन्यसेवेची अट नाही. मतदानाच्या कलम 326 मध्येही नाही. उलट आपल्या सैन्यातले नेपाळी गोरखा जवान इथली वर्दी घालतात, प्राण देतात आणि नागरिक नेपाळचेच राहतात.

इस्रायलमध्ये अरब मुसलमान आणि ख्रिस्ती नागरिकांना भरतीची सक्ती नाही. तरी ते मत देतात, संसदेत निवडून जातात.

"पूर्वी कॉलेजात एनसीसी सक्तीची होतीच की," असंही त्यात पुढे आहे. होती. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये केली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. शिवाय केवळ कॅडेट असल्यामुळे कुणावर लढाईवर जायचं बंधन येत नाही. एनसीसीचा 1948 चा कायदाच तसं सांगतो. परेडला सैन्यसेवा म्हणणं जवानांवरही अन्याय आहे.

मला खरं टोचतं ते 'अर्धा नागरिक'. रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्यांच्या मुलाला शाळेत नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. बापाच्या वर्दीने त्या मुलाला घोटभर पाण्याचाही हक्क दिला नाही. त्याआधीच सैन्याने महारांची भरतीही बंद केली होती. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर मोडली; महार रेजिमेंट आली ती 1941 मध्ये. वर्दी हीच कसोटी धरली, तर ज्यांना वर्दी घालूच दिली नाही, त्या पिढ्यांना आपण काय म्हणणार? तोच मुलगा मुंबईत सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाला, 1935 मध्ये सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष. त्या घटनेत सुभेदाराला एक मत आहे, झाडूवालीलाही एकच.

एनसीसीत यायचं असेल त्या मुलामुलींनी जरूर यावं. फॉर्म भरण्यापासून पहाटेच्या परेडपर्यंत मी सोबत असेन. तो संदेश मात्र आमच्या दोन्ही ग्रुपवरून काढावा, असं ॲडमिनना आजच लिहिलं आहे.