सोपे शब्द, पण कोणाला?

तिकडे महाराष्ट्रात परत तोच वाद सुरू झालाय, विज्ञान मराठीतून शिकवायचं की नाही, आणि नेहमीचा मुद्दा आलाच, की मराठी परिभाषा बोजड, त्यापेक्षा इंग्रजी शब्द सोपे. मी बरीच वर्षं इंग्रजीच बोलणाऱ्या देशात राहतोय म्हणून विचारतो, सोपे कोणाला?

मागे डोळे तपासून घेतले. वाडग्यासारख्या मशीनमधे हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. रिपोर्टवर ‘स्कोटोमा नाही’ असं आलं, पण तपासणारी मुलगी मला समजावताना ब्लाइंड स्पॉट म्हणत होती, म्हणजे नजरेच्या टप्प्यातली न दिसणारी जागा. ती जन्मापासून इंग्रजीच बोलणारी, तरी स्कोटोमा तिलाही कॉलेजात घोकावाच लागला असणार, कारण तो शब्द मुळात इंग्रजी नाहीच.

ग्रीकमधे स्कोटोस म्हणजे काळोख. त्यावरून स्कोटोपिक व्हिजन, म्हणजे मिणमिणत्या उजेडातलं बघणं, ते डोळ्यातल्या रॉड पेशी करतात, त्यांना ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळसर हिरवा सगळ्यात चांगला दिसतो आणि लाल जवळजवळ काळाच. अंधारात उगवलेलं रोप लांबुडकं, पिवळट, मान वाकलेली, त्याला स्कोटोमॉर्फोजेनेसिस. आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज उंगार नावाच्या संशोधकाने अंधाराला घाबरायला शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूतून एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यासारखं रसायन, काढलं, म्हणे ते टोचलं की दुसरा उंदीरही अंधाराला घाबरतो, नाव ठेवलं स्कोटोफोबिन. दावा काही टिकला नाही, नाव मात्र झकास.

गंमत म्हणजे जुन्या ग्रीकमधे स्कोटोमाचा अर्थ चक्कर, म्हणजे आपली डोळ्यापुढे येते ती अंधारीच की! आणि आयुर्वेदात नजर मंदावण्याच्या विकाराला तिमिर म्हणतात, म्हणजे काळोखावरून डोळ्याच्या दुखण्याचं नाव पाडायला आपल्यालाही कोणी शिकवायला नको होतं.

इथे पेशंटशी बोलायचा शब्द वेगळा, फाइलीतला वेगळा, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. आपण मात्र एकाच शब्दाने दोन्ही कामं करावीत म्हणून भांडत बसतो, मग कोशवाले असा शब्द घडवतात जो दवाखान्यातही चालत नाही आणि परदेशी जर्नलमधेही नाही. माझं विचाराल तर मराठी पुस्तकात खुशाल स्कोटोमाच छापा, रिसर्च पेपर वाचताना पोरांना तोच भेटणारे, फक्त पहिल्यांदा येईल तिथे स्कोटोस म्हणजे काळोख एवढी एक ओळ घाला, इथल्या मेडिकलच्या पोरांनाही ती वेगळी शिकवावीच लागते.