प्रोफाइल टाकून आयफोन जेलब्रेक होत नाही

‘कॉम्प्युटर नको, पाच मिनिटांत कोणताही आयफोन जेलब्रेक करा. विकतची अ‍ॅप फुकट, बँकेची अ‍ॅपही चालतात. नको वाटलं तर रिस्टोअर मारा, फोन होता तसा.’ खाली लिंक, आणि लिंक उघडली की ‘प्रोफाइल इन्स्टॉल करा’. हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. काल भाच्याने तो पाठवून विचारलं, ‘मामा, टाकू का?’ त्याला ‘नको’ म्हणून सांगितलं. का नको, ते इथे सगळ्यांसाठी लिहितो. जेलब्रेक म्हणजे आयओएसला, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमला, अ‍ॅपलने घातलेलं कुलूप तोडणं.

‘कोणताही आयफोन’ इथेच खोटेपणा सुरू होतो. जेलब्रेकला त्या ठरावीक चिपमधलं किंवा आयओएसच्या त्या ठरावीक आवृत्तीतलं छिद्र लागतं. सप्टेंबर २०१९मध्ये जाहीर झालेलं ‘चेकमेट’ हे छिद्र चिपच्या बूटरॉममध्ये आहे, म्हणजे कारखान्यातच कायमचं कोरलेलं, म्हणून अपडेटने बुजत नाही. पण ते ए५ ते ए११ चिपपुरतंच, म्हणजे आयफोन ४एस ते आयफोन एक्स. एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरच्या बऱ्याच फोनांसाठी ‘डोपामाइन’ हे जेलब्रेकचं साधन आहे, तेही आयओएस १५.० ते १६.५.१ एवढ्यावरच. अशा फोनवर आयओएस १७ किंवा पुढचं काही असेल तर कोणाच्याही लिंकने तो जेलब्रेक होणार नाही.

आता त्या प्रोफाइलबद्दल, कारण खरं नुकसान तिथे आहे. कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या सफारीतून जेलब्रेक होत असे हे खरं आहे. ‘जेलब्रेकमी’ या साइटने ते २०११पर्यंत करून दाखवलं. पण तिथेही सफारीतल्या पीडीएफच्या चुकीचा फायदा घेतला होता, प्रोफाइल कुणी टाकायला लावलं नव्हतं. कॉन्फिगरेशन प्रोफाइल ही सेटिंगची फाइल आहे. ती होमस्क्रीनवर एखाद्या वेबपेजचं चिन्ह ठेवू शकते, व्हीपीएन जोडू शकते, सर्टिफिकेट बसवू शकते, किंवा तुमचा फोन एमडीएमवर नोंदवू शकते. एमडीएम म्हणजे कंपन्या कर्मचाऱ्यांचे फोन लांबून सांभाळतात ती व्यवस्था. तिच्यातून समोरचा माणूस तुमच्या फोनवर अ‍ॅप पाठवू शकतो, फोन पुसूही शकतो. आयओएसचं कुलूप तोडणं मात्र प्रोफाइलच्या आवाक्यात नाही.

सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटाने ऑक्टोबर २०१९मध्ये नेमका हाच सापळा उघड केला. ‘चेकरेन’ हे चेकमेटवर चालणारं जेलब्रेकचं खरं साधन तेव्हा अजून बाहेरही आलं नव्हतं. त्याच्या इंग्रजी नावात ‘आय’च्या जागी १ हा आकडा आहे, तो बदलून कुणीतरी हुबेहूब साइट उभी केली. तिचा दावा ए१३ चिपपर्यंतचा, जे चेकमेटला शक्यच नाही. कॉम्प्युटर नको, प्रोफाइल टाका, हेही तेच. प्रोफाइलने फक्त एक चिन्ह बसायचं, जेलब्रेक चालू असल्याचा देखावा व्हायचा आणि मग सांगितलं जायचं की अमुक गेम उतरवून सात दिवस खेळा, म्हणजे काम पूर्ण होईल. डाउनलोडमागे पैसे साइटवाल्याला, जेलब्रेक कुणालाच नाही. त्याच गटाने २०१८मध्ये भारतातले १३ आयफोन एमडीएमवर चढवल्याचं प्रकरण दाखवलं होतं. त्यांत व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या फेरफार केलेल्या प्रती घालून माहिती बाहेर नेली जात होती. ते फोन जेलब्रेक केलेलेही नव्हते.

कुणी टाकून बसलं असेल तर सेटिंग्ज, जनरल, ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा. अनोळखी प्रोफाइलवर ‘रिमूव्ह’ दाबून पासकोड द्या. मग जनरलमधल्या ‘अबाउट’मध्ये तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’ पाहा. तिथे अनोळखी सर्टिफिकेट चालू असेल तर तुमची सुरक्षित वाहतूक मधला माणूस वाचू शकतो. ते बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला.

‘विकतची अ‍ॅप फुकट’. २०१५च्या ‘कीरेडर’ या मालवेअरमध्ये फुकट अ‍ॅप देणाऱ्या दोन ट्वीकमागे (ट्वीक म्हणजे जेलब्रेक केलेल्या फोनवर बसवायचा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्यांची चोरलेली अ‍ॅपल खाती होती, सव्वादोन लाखांहून जास्त. चोरी जेलब्रेक केलेल्या फोनांतूनच झाली होती.

बँकेची अ‍ॅप जेलब्रेक ओळखून बंद पडतात. लपवणारे ट्वीक असतात, पण अ‍ॅपच्या पुढच्या अपडेटला ते फसू शकतात. शिवाय आयफोन ८ आणि एक्सवर ‘पॅलेरेन’ हे चेकमेटवरचंच जेलब्रेकचं साधन चालवायचं तर पासकोड काढावा लागतो, आणि आयओएस १६वर एकदा जरी पासकोड लावलेला असेल तर आधी फोन पूर्ण पुसावा लागतो. विनापासकोड फोनवर यूपीआय ठेवणार आहात का?

रिस्टोअरचं म्हणणं अर्धं खरं. जेलब्रेक जातो, पण अ‍ॅपल त्या वेळी सही, म्हणजे मंजुरी, देत असलेली आवृत्तीच, बहुधा सगळ्यांत नवी, बसते. जुन्या आयओएसवर परतता येत नाही, आणि बॅकअप नसेल तर फोटोही जातात.

नुसतं बाहेरचं अ‍ॅप टाकायचं असेल तर जेलब्रेक लागतच नाही. ‘ऑल्टस्टोअर’ किंवा ‘साइडलोडली’ त्यांच्या मूळ साइटवरून कॉम्प्युटरवर घ्या, वेगळा अ‍ॅपल आयडी काढा, आयओएस १६पासून पुढे ‘डेव्हलपर मोड’ चालू करा. मोफत आयडीवर सही सात दिवस टिकते आणि एका वेळी तीनच अ‍ॅप चालतात, ऑल्टस्टोअर धरून. नूतनीकरण राहिलं की अ‍ॅप उघडत नाही. जास्त मुदतीच्या सहीसाठी सर्टिफिकेट विकणाऱ्यांकडे जाऊ नका, अ‍ॅपलने ते रद्द केलं की सगळी अ‍ॅप एकदम बंद.

जेलब्रेक शिकायचाच असेल तर सिम काढलेला जुना आयफोन ७ घ्या, मॅक किंवा लिनक्स, आणि यूएसबी-ए केबल, कारण टाइप-सी केबलने डीएफयू मोड, म्हणजे जेलब्रेकसाठी फोन ज्या अवस्थेत न्यावा लागतो ती, अनेकदा लागत नाही. फोन बंद करून चालू केला की जेलब्रेक उतरतो आणि पुन्हा केबल लावावी लागते.