झोप झाली नाही वाटतं?

गेली दहा वर्षं हा प्रश्न मला रोज सकाळी कुणीतरी विचारतं. झोप झालेली असते. चांगली आठ तास, घोरण्यासकट. पण पन्नाशी उलटल्यावर वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन ओघळली आणि मी कायमचा पेंगुळलेला दिसू लागलो. बँकेत मी टक्क जागा असलो तरी शिपाई माझ्या टेबलाजवळून चवड्यांवर जायचा.

"बाबा, ब्लेफरोप्लास्टी करून घ्या," लेक म्हणाली. मला आधी ते गिलाव्याचं काम वाटलं. तसं ते आहेही, पापणीची सैल कातडी कापून टाके घालायचे.

पापणी नजरेच्या आड येत असेल तर विम्याकडे निदान तोंड तरी उघडता येतं, नुसत्या दिसण्यासाठी विमा छदाम देत नाही. तपासणीत माझी नजर शाबूत निघाली, म्हणजे खर्च खिशातून. शिवाय रक्त पातळ करणारं सगळं दोन आठवडे बंद. डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या होत्या. हिने लसणाची चटणीच बंद केली.

त्या दिवशी मला ताठ बसवून पापण्यांवर पेनाने रेघा मारल्या. आडवं झालं की कातडी मागे सरकते, माप चुकतं. चिमट्यात कातडी धरून "मिटा, उघडा" चाललं होतं.

"पैसे भरलेत, जरा सढळ हाताने कापा," मी म्हटलं.

"जास्त कापलं तर डोळा मिटणारच नाही."

मी गप्प झालो.

पापणीची कातडी म्हणजे अंगावरची सगळ्यात पातळ, एक मिलिमीटरसुद्धा नाही. तिच्यात भुलीची सुई जाते तेव्हा पूर्वज दिसतात. त्यानंतर दुखत नाही, नुसती ओढाताण कळते. गुंगीत मला मुंडी भाजल्यासारखा वास आला. शेजारी कुणाकडे बेत आहे का, विचारलं. "तो तुमचाच," डॉक्टर म्हणाले. रक्त थांबवायला बारीक चटके देत होते. तासाभरात काम आटोपलं.

घरी आलो तो दोन्ही डोळे जांभळे. बर्फाच्या घड्या, डोक्याखाली दोन उशा, डोळ्यांत मलम, त्यामुळे सगळं जग ताकात बुडाल्यासारखं. टाके सहाव्या दिवशी निघाले. तोवर सोसायटीतल्या बायका हिच्याकडे वेगळ्याच आदराने बघू लागल्या होत्या.

एक गंमत मात्र डॉक्टरांनी सांगूनही माझ्या लक्षात राहिली नव्हती. सुरुवातीला सुजेमुळे पापणी पुरती मिटत नाही, थोडी फट राहते. चौथ्या दिवशी साताऱ्याचे साडू बघायला आले आणि त्यांनी जमिनीचा दावा मुळापासून सांगायला घेतला. तलाठ्यापर्यंत मी होतो. जागा झालो तेव्हा ते हिला सांगत होते, "वहिनी, इतकं डोळे लावून कुणी ऐकलं नव्हतं हो आजवर!"

आता सूज उतरली, फट गेली. रविवारी साडू परत येतायत. प्रांताच्या निकालापासून पुढचं राहिलंय म्हणे.