अत्तर लावून उन्हात बसू नका

दिवाळीच्या आधीपासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात ‘अत्तर लावण्याची शास्त्रोक्त पद्धत’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी तो नव्याने पाठवते. त्याचा आशय थोडक्यात असा : अत्तर संपूर्ण नैसर्गिक असते आणि त्यात अल्कोहोल नसते, म्हणून ते कोणालाही, अगदी तान्ह्या बाळालाही, बाधत नाही, मानेला आणि कानामागे सढळ हाताने लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे बसावे, म्हणजे सुगंध त्वचेत मुरतो, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, त्याने सुगंधाचे रेणू तुटतात, कपड्याला अत्तर लावू नये, पाण्यात थेंब टाकून तो तरंगला तर अत्तर शुद्ध समजावे, आणि नाभीत दोन थेंब घातल्यास पोटाचे विकार जातात.

मी हा मजकूर वाचून सोडून दिला होता. माझ्या ६८ वर्षांच्या आत्याने तो मनावर घेतला. तिने बाजारातून लिंबाच्या वासाचे एक रोल-ऑन अत्तर आणले आणि रोज अंघोळीनंतर ते मानेला लावून गॅलरीत पोथी वाचत बसण्याचा नेम सुरू केला. तीन आठवड्यांनी तिच्या कानाखालून गळ्याकडे उतरणारा तपकिरी पट्टा दिसू लागला. आधी तिला ते उन्हाने काळवंडणे वाटले, मग मधुमेहाची शंका आली, आणि शेवटी आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी डागाचा आकार पाहताच दोनच प्रश्न विचारले : मानेला काय लावता, आणि लावून कुठे बसता?

आकारावरून ओळखण्याचे कारण असे, की पातळ द्रव मानेवरून जसा ओघळतो तसाच हा डाग उमटतो, वर अरुंद आणि खाली थेंबासारखा रुंद. ओ-द-कोलोन, म्हणजे लिंबूवर्गीय तेले घातलेले विलायती सुगंधी पाणी, लावून उन्हात गेलेल्या माणसांच्या अंगावर असे डाग पडतात, अशी नोंद १९१६ साली युरोपातल्या वैद्यकीय साहित्यात झाली, आणि १९२५ मध्ये त्यांना ‘बर्लोक’ हे नाव मिळाले, ज्याचा मूळ अर्थ साखळीला लोंबणारे पदक असा आहे. म्हणजे संदेशात जी गोष्ट ‘शास्त्रोक्त’ म्हणून सांगितली आहे, तिचा अपाय वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

त्यामागचे कारण समजायला अवघड नाही, आणि आपल्याकडे तर ते बावचीमुळे पूर्वीपासून परिचयाचे आहे. कोडाच्या डागांवर बावची लावून रुग्णाला उन्हात बसवतात, ते त्या जागी त्वचेचा रंग परत यावा म्हणून. बावचीतल्या सोरॅलेन या द्रव्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याची त्वचेतल्या पेशींवर तीव्र क्रिया होते, आणि प्रमाण चुकले तर फोडही येतात. म्हणूनच तो उपचार वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा असतो. बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात याच कुळातले बर्गाप्टेन असते, आणि साध्या लिंबाच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलातही अशी द्रव्ये असतात. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इफ्राने, उन्हात जाणाऱ्या त्वचेवर लावून तसेच ठेवायच्या उत्पादनात बर्गामोट तेलाचे प्रमाण ०.४ टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादा घातली आहे. जी वस्तू विकणाऱ्यांनाच इतक्या मोजून वापरावी लागते, ती ‘सढळ हाताने’ लावा आणि वर उन्हात बसा, असा सल्ला लाखो लोकांना पाठवणे ही मला गंभीर गोष्ट वाटते.

कोवळे ऊन निरुपद्रवी असते, हा युक्तिवादही इथे चालत नाही. ही क्रिया घडवणारे लांब लहरींचे अतिनील किरण सकाळी-संध्याकाळीही पोहोचतात आणि खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यातच आधी आग किंवा लाली जाणवेलच असे नाही. अनेकदा थेट रंगच गडद होतो, त्यामुळे माणूस तीच चूक रोज करत राहतो. आत्याचे नेमके असेच झाले. तिच्या बाटलीवर घटकांची यादीच छापलेली नव्हती, म्हणून त्यात नेमके काय होते हे आता कळण्याचा मार्ग नाही.

यात अत्तराची बदनामी होऊ नये, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या परंपरेतले अत्तर तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुले आणि पाणी उकळून, त्याची वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलावर उतरवून केले जाते. उन्हाशी वैर असलेली ही द्रव्ये जड असल्यामुळे वाफेबरोबर जवळजवळ वर येत नाहीत. त्यामुळे त्या पद्धतीने केलेल्या गुलाब, केवडा किंवा खसाच्या अत्तराने हा विशिष्ट विकार होण्याची भीती फारशी नाही. मात्र तरीही उन्हात बसून सुगंध ‘मुरत’ नाही. उष्णतेने तो लवकर उडून जातो, एवढेच होते.

आता ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या दाव्याकडे येतो. युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधद्रव्यांची यादी केली, ज्यांच्यामुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि लावून ठेवण्याच्या प्रसाधनात त्यांपैकी एखादे ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचे नाव वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ८० च्या वर नेण्यात आली. या यादीत जेरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल आहेत, आणि अस्सल गुलाबतेलात ती मोठ्या प्रमाणात असतात. त्यात लवंगेतले युजेनॉल आहे, आणि कितीतरी फुलांत सापडणारे लिनॅलूलही आहे. फुलातून आलेला रेणू आणि कारखान्यात बनवलेला तोच रेणू यांत त्वचा भेद करत नाही. शिवाय लिनॅलूलसारखी द्रव्ये हवेच्या संपर्कात राहिली की अधिक ॲलर्जीकारक होतात, म्हणून चंदनाच्या पायावरचे अत्तर मुरल्यावर गोडावते हे खरे असले तरी अर्धवट भरलेली, सैल बुचाची जुनी बाटली त्वचेवर वापरू नये.

या पार्श्वभूमीवर तान्ह्या बाळाचा उल्लेख वाचला की संताप येतो. बाळाची त्वचा पातळ असते, ते लावलेला हात तोंडात आणि डोळ्यांत घालते, आणि खाज सुटली तर ते सांगू शकत नाही. बाळाला आईच्या अंगाच्या वासाची गरज असते. त्याच्या टाळूला किंवा कानशिलाला अत्तर लावण्याचे कोणतेही कारण नाही. दमा असलेल्या माणसाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी, कारण उग्र सुगंधाने अनेकांना धाप लागते.

त्यातही बाजारात ‘अल्कोहोलरहित’ म्हणून मिळणारे बहुतेक स्वस्त अत्तर नैसर्गिक नसतेच. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि चंदनतेल स्वतःच अतिशय महाग आहे. मग शंभर-दीडशे रुपयांच्या बाटलीत हे दोन्ही कसे असतील? त्यात कृत्रिम सुगंध असतो आणि तो लिक्विड पॅराफिनसारख्या एखाद्या स्वस्त द्रवात मिसळलेला असतो. कृत्रिम असणे हा गुन्हा नाही, पण ते नैसर्गिक म्हणून विकणे आणि त्याच भरवशावर अंगभर लावायला सांगणे चूक आहे. पाण्यावर तरंगण्याची परीक्षा इथेच निकालात निघते, कारण पॅराफिन पाण्याहून हलके असल्याने उत्तम तरंगते, तर लवंगेचे शुद्ध तेल पाण्यात बुडते. ही परीक्षा भेसळीला उत्तीर्ण करते आणि कधी कधी अस्सलाला नापास.

मनगटे घासण्याविषयीचा सल्ला अर्धा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. घासू नये हे ठीक, पण रेणू तुटतात हे कारण खोटे आहे. हातांच्या घर्षणात रेणू तोडण्याइतकी ताकद नसते. घासल्याने त्वचा किंचित तापते, अत्तर पसरते आणि सुरुवातीचा हलका गंध लवकर उडतो, इतकाच त्याचा अर्थ. कपड्याबद्दलचे म्हणणेही असेच उलटे आहे. सुती कापडावर सुगंध त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतो. फक्त हिना किंवा ऊद यांसारख्या गडद अत्तरांचा डाग पांढऱ्या कापडावरून आणि रेशमावरून निघत नाही, म्हणून जागा पाहून लावावे. नाभीतल्या दोन थेंबांविषयी इतकेच, की नाभीतून पोटाकडे जाणारी कोणतीही वाट मोठ्या माणसात उघडी नसते. पोट दुखत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

अत्तर लावण्याची आपली जुनी रीत या संदेशापेक्षा कितीतरी शहाणी आहे. लग्नात पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर काचेच्या काडीने अत्तराची एकच रेघ ओढतात, कारण अल्कोहोल नसलेला सुगंध अंगालगत दरवळतो आणि त्याला एवढे पुरते. कानातला फाया म्हणजे कापसाचा लहानसा बोळा कानाच्या वरच्या घडीत खोचायचा, कानाच्या भोकात नव्हे. नवीन अत्तर असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. नुकत्याच दाढी केलेल्या, खरचटलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागी ते लावू नये. आणि उन्हात जायचे असेल तर जे लावायचे ते कपड्याच्या आड लावावे.

आत्याच्या मानेवरचा डाग फिकट होतो आहे, पण डॉक्टरांनी त्याला आणखी काही महिने लागतील असे सांगितले आहे. ती आता खसाचा फाया पोथीच्या रुमालात ठेवते आणि पोथी आतल्या खोलीत वाचते.