‘युद्धनौकांना ना नियम, ना दाखला’ म्हणे!

जुलै 2024 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. आग आटोक्यात आल्यावर जहाज डाव्या कुशीवर कलंडलं आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. तेव्हापासून एक मजकूर या ना त्या रूपात फिरतोय. सारांश असा: व्यापारी जहाजांना ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार लागू असतो आणि क्लास सोसायट्या, म्हणजे जहाजबांधणीचे नियम ठरवून दाखला देणाऱ्या संस्था, त्यांची तपासणी करतात, युद्धनौकांना मात्र यातलं काहीच लागू नाही. नौदल स्वतःच जहाज बांधून घेतं, स्वतःच पास करतं. क्लासचा दाखला सक्तीचा असता तर बेतवा (2016 मध्ये मुंबईतच कोसळलेली युद्धनौका) आणि ब्रह्मपुत्रा आडव्या झाल्याच नसत्या. आणि आता कुठे नवी जहाजं क्लासच्या नियमांनी बांधायला घेतली, तर ती ‘व्यापारी दर्जाची’, लढाईत तकलादू.

शेवटची दोन विधानं एकमेकांचा गळा धरतात, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. दाखला नाही म्हणून बोंब आणि दाखला घेतला म्हणूनही बोंब. असो. एकेक मुद्दा बघू, कारण यातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो बाकीच्या गोंगाटात वाया जातोय.

‘सोलास युद्धनौकांना लागू नाही.’ बरोबर. टायटॅनिकनंतर 1914 साली पहिला सोलास करार झाला, आज चालतो तो 1974 चा. हा करार कुणाला लागू नाही, याची यादी त्याच्या पहिल्याच प्रकरणात आहे आणि तिच्यात सुरुवातीलाच युद्धनौका येतात. पण त्याच यादीत मासेमारीच्या बोटी आहेत, हौशी लोकांच्या यॉट आहेत, 500 ग्रॉस टनांखालची मालवाहू जहाजं आहेत. ससून डॉकला लागणारा ट्रॉलरसुद्धा सोलासबाहेरचाच. एका करारातून वगळणं म्हणजे सगळ्या नियमांतून मोकळीक, असं होत नाही.

वगळण्याचं कारणही गूढ नाही. सोलास ज्या जहाजाची कल्पना करून लिहिला गेला, त्याच्या पोटात दारूगोळ्याचं कोठार नसतं आणि डेकवर क्षेपणास्त्रं नसतात. मालवाहू जहाजावर त्या नारिंगी रंगाच्या बंदिस्त लाइफबोटी दिसतात ना, तशा फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, दोन्ही बाजूंना टांगल्या तर तोफा, रडार आणि हेलिकॉप्टर यांना जागा कुठली उरणार? म्हणून युद्धनौका मुख्यतः फुगणाऱ्या तराफ्यांवर भिस्त ठेवतात. उलट समुद्रात टक्कर टाळण्याचे 1972 चे नियम युद्धनौकांनाही लागू आहेत. सूट आहे ती दिव्यांची जागा वगैरे बाबींपुरती, आणि त्यातही नियमाच्या शक्य तितकं जवळ जावं लागतं. प्रदूषणाचा मारपोल करार युद्धनौकांना वगळतो, पण जिथवर व्यवहार्य आहे तिथवर त्याच्याशी सुसंगत वागण्याची जबाबदारी त्या त्या सरकारवर टाकतो.

काही बाबतींत तर नौदलांचे मापदंड व्यापारी नियमांपेक्षा कडक असतात. सोलासमधले ‘नुकसान झाल्यावर जहाज तरंगलं पाहिजे’ हे नियम मालवाहू जहाजांना लागतात ते 80 मीटर लांबीपासून पुढे. अमेरिकी नौदलाचा जुना संकेत बघा: 300 फुटांपेक्षा लांब लढाऊ जहाजाच्या बाजूला लांबीच्या 15 टक्के एवढं भगदाड पडलं तरी ते उभं राहिलं पाहिजे. ब्रह्मपुत्रेएवढ्या, म्हणजे सुमारे 126 मीटरच्या जहाजाला हे गणित लावलं तर भगदाड होतं 19 मीटरचं. एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी बसच्या लांबीच्या जवळपास.

शिवाय नाटो देशांनी सोलासच्या धर्तीवर ‘नेव्हल शिप कोड’ तयार केलाय. रचना, स्थैर्य, आग, सुटका, नौकानयन असे सगळे विषय त्यात आहेत. सोलास बऱ्याच ठिकाणी ‘अमुक वस्तू इतक्या ठेवा’ असं सांगतो. हा कोड आधी उद्दिष्ट सांगतो आणि ते कसं गाठलं हे दाखवून द्यायला लावतो. त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: शत्रूच्या हल्ल्याचे परिणाम त्याच्या कक्षेत येत नाहीत. तो समुद्र, अपघात आणि बिघाड यांच्यापुरता आहे.

‘बाहेरचं कुणी बघतच नाही.’ हे अर्धं चूक आहे आणि अर्धं बरोबर. चूक अर्धं आधी. पवईला मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, म्हणजे आयआरएस, ही 1975 सालची आपली क्लास सोसायटी. सर्वेक्षण करणारी ‘आयएनएस संधायक’ फेब्रुवारी 2024 मध्ये ताफ्यात आली आणि पाणबुडीविरोधी ‘आयएनएस अर्नाळा’ जून 2025 मध्ये. दोन्ही आयआरएसच्या क्लास नियमांनुसार बांधलेल्या. अर्नाळा म्हणजे आपल्या वसईजवळच्या किल्ल्याच्या नावाची नौका, 77 मीटर लांब, जवळजवळ 1,490 टनांची. लंडनच्या लॉइड्स रजिस्टरचे आणि फ्रान्सच्या ब्युरो व्हेरिटासचेही युद्धनौकांसाठी स्वतंत्र नियम आहेत.

क्लासचा सर्व्हेअर नेमकं काय करतो? पोलादाच्या प्लेटवरचा शिक्का आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते बघतो. वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे तपासतो. बॅलास्ट टाकीच्या (तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीच्या) मॅनहोलमधून अंग चोरून आत उतरतो. आधी हवा तपासलेली असते, तरी गंज आणि कुजक्या पाण्याचा वास असतोच. टॉर्चच्या उजेडात तो फ्रेम-फ्रेमवर हातोडी मारत जातो, शंका आली तिथे खडूने खूण करतो आणि जाडी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा लिहून घेतो. प्लेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा झिजली असेल तर ‘बदला’ म्हणतो, मालक कितीही कुरकुरला तरी. दरवर्षी तपासणी, पाच वर्षांनी मोठी तपासणी, आणि त्या पाच वर्षांत दोनदा तळ बघायचा. नीरस काम आहे, आणि ते तसंच असायला हवं.

आता बरोबर अर्धं. आपल्या मोठ्या विनाशिका आणि फ्रिगेट यांचा आराखडा नौदलाचा वॉरशिप डिझाइन ब्युरो करतो. माझगाव डॉकमध्ये बांधणीवर नजर ठेवते ती नौदलाचीच वॉरशिप ओव्हरसीइंग टीम. मग बंदरातल्या चाचण्या, समुद्रातल्या चाचण्या, आणि ताफ्यात आल्यावर कोचीच्या फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंगच्या हाताखाली खलाशांची कसून तालीम. आग-पाण्याशी लढण्याचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर मिळतं. तिथे कृत्रिम कप्प्यात पाणी सोडतात आणि पोरांना गळ्यापर्यंतच्या पाण्यात लाकडी पाचरी ठोकून भोकं बुजवायला लावतात. तपासण्या नाहीत असं कोण म्हणेल? पण आराखडा करणारा, बघणारा, ताब्यात घेणारा आणि वापरणारा, सगळे एकाच गणवेशातले. ब्रिटनमध्ये जहाजाच्या प्रकल्पाबाहेर बसणारी नेव्हल ऑथॉरिटी आहे. रचना, स्थैर्य, आग, सुटका, स्फोटकं अशा मोठ्या धोक्यांसाठी ती वेगवेगळी प्रमाणपत्रं देते. तीही संरक्षण खात्यातलीच, पण जहाज वेळेवर द्यायचं ओझं सही करणाऱ्याच्या डोक्यावर नसतं. फॉरवर्डमध्ये वजनदार मुद्दा आहे तो हा: सही कुणाची? ‘नियम आहेत की नाहीत’ या वादात तो हरवतो.

‘क्लास असता तर जहाजं आडवी झाली नसती.’ हा दावा मला सगळ्यात पोकळ वाटतो. बेतवा 5 डिसेंबर 2016 ला मुंबईच्या सुक्या गोदीतून बाहेर काढताना कुशीवर कोसळली, दोन नौसैनिक गेले. गोदीत पाणी भरताना जहाजाचं थोडं वजन अजून त्याला खालून टेकू देणाऱ्या ठोकळ्यांवर असतं आणि थोडं पाण्याने उचललेलं असतं. त्या मधल्या वेळेत जहाजाचं स्थैर्य घटतं. म्हणून प्रत्येक वेळी टाक्यांत किती काय आहे त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा त्या दिवसाचा, त्या गोदीचा हिशेब आहे. भिंतीवर टांगलेलं क्लास सर्टिफिकेट तो करत नाही. आगीचंही तेच. विझवायला मारलेलं पाणी वरच्या डेकांवर साचतं, जहाज जरा कललं की सगळं त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. फेब्रुवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे अवाढव्य प्रवासी जहाज असंच आग विझवता विझवता उलटलं. आणि 14 ऑगस्ट 2013 ला ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईतच स्फोटाने बुडाली, 18 जण गेले. टॉर्पेडो आणि दारूगोळा हाताळण्याची शिस्त क्लासच्या सर्व्हेअरच्या यादीत येत नाही.

दाखलेवाल्या जहाजांचं काय? 30 जानेवारी 2011 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘विंध्यगिरी’ या आपल्या युद्धनौकेला ‘नॉर्डलेक’ या कंटेनर जहाजाची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. नॉर्डलेक हे सोलास पूर्ण लागू असलेलं व्यापारी जहाज होतं.

याहून बोलकी गोष्ट नॉर्वेची आहे. 8 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘हेल्गे इंगस्टाड’ ही फ्रिगेट ‘सोला टीएस’ या टँकरवर आदळली. टँकरच्या डेकवरचे दिवे इतके लख्ख होते की त्याचे नौकानयनाचे दिवे त्यात हरवले. फ्रिगेटचे तीन कप्पे लगेच पाण्याखाली गेले. खलाशांच्या मते तेवढ्याने ती बुडणार नव्हती. मग पाणी मागच्या जनरेटर रूममधून गिअर रूममध्ये आलं, प्रॉपेलरच्या पोकळ शाफ्टमधून! तिथून शाफ्ट जिथे भिंत ओलांडतो त्या पॅकिंगमधून इंजिन रूमकडे. जलरोधक भिंत कागदावर अखंड होती, तिच्यातून जाणारा दांडा मात्र पोकळ होता. नॉर्वेच्या अपघात चौकशी यंत्रणेने तीन आठवड्यांत ही गोष्ट जाहीर केली आणि स्पेनच्या नवांतिया या जहाजबांधणी कंपनीला, तसंच नॉर्वेच्या संरक्षण सामग्री यंत्रणेला इशारा दिला. 2021 च्या अहवालात आणखी एक गोष्ट आली: जहाज सोडताना दारं-झाकणं बंद केली असती तर ते तरलं असतं. खलाशी 137, सगळे वाचले. जहाज भंगारात गेलं.

‘क्लासची जहाजं म्हणजे व्यापारी दर्जा.’ क्लासचे नौदल नियम मालवाहू जहाजांच्या नियमांची नक्कल नसतात. जहाजाच्या अंगाची, यंत्रांची, आगीपासून बचावाची किमान पातळी ते ठरवतात. स्फोटाचा धक्का किती सोसायचा, पाण्याखालचा आवाज किती असावा, शस्त्रं कुठली, हे नौदलच मागणीत लिहितं. अर्नाळा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या शोधायला आहे, तिच्याकडून विनाशिकेची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी तिचं काम वाचावं.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट. कॅगने 2017 च्या अहवालात नोंदवलं की 2007-08 ते 2015-16 या काळात नौदलाच्या जहाजांचे आणि पाणबुड्यांचे 38 अपघात झाले, 33 जीव गेले. स्थापनेपासून नौदलाकडे सुरक्षेसाठी संस्थात्मक चौकटच नव्हती. 2014 मध्ये नौदलाने त्यासाठी खास यंत्रणा उभी केली, पण तिला सरकारी मंजुरी तोवर मिळाली नव्हती. हे एका घटनात्मक संस्थेने लिहिलंय. ते सोडून ‘सोलास लागू नाही’ हे खरं पण निरुपयोगी वाक्य आपण पुढे ढकलत बसतो.

नॉर्वेच्या अहवालाचे दोन्ही भाग आकृत्यांसकट कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे नौदलाची चौकशी समिती बसते, निष्कर्ष काढते, क्वचित कोर्ट मार्शलही होतं. पण बेतवा ठोकळ्यांवरून नेमकी कशी घसरली, हे आकृतीसह सांगणारा अहवाल तुमच्या-माझ्यासाठी छापला जात नाही. गुप्त राहावी अशी शस्त्रांची माहिती जरूर झाका. गोदीतल्या ठोकळ्यांचं गणित झाकून कुठल्या शत्रूपासून काय वाचतं, हे मात्र कुणी समजावून सांगावं.