जीआय पाइप मारून मारुतीची कॅटरहॅम होत नाही

गाडीवेड्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जुनी मारुती ८०० घ्या, सीटा, काचा, दरवाजे, डिकी उतरवा. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पाइप आणून आत फ्रेम मारा. वरची बॉडी बोटी बनवणाऱ्याकडून फायबरची करून घ्या. गाडी हलकी झाल्यावर ब्रेक आहेत तेच पुरतात. कॅटरहॅमवाले (हलक्या स्पोर्ट्स गाड्या बनवणारी ब्रिटिश कंपनी) तरी दुसरं काय करतात? दीड लाखात ट्रॅक कार, फेरारी मागे. माझ्या भाच्याने हे वाचून म्हापशात पाइपचा भावसुद्धा विचारून ठेवलाय. म्हणून हा खटाटोप.

त्यात जे खरं आहे ते आधी सांगून टाकतो. कॅटरहॅम सेव्हन ही खरोखरच पाइपांची चौकट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा. तिच्यात एबीएस नाही, एअरबॅग नाही. २०२१ साली आलेल्या सेव्हन १७० मध्ये तर सुझुकीचंच ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. वजन ४४० किलो, ताकद ८४ हॉर्सपॉवर, म्हणजे टनामागे साधारण १९०. आता मारुतीचा हिशोब करा. कार्बुरेटरवाली ८०० देते ३७ हॉर्सपॉवर. टनामागे १९० हवे असतील तर अख्खी गाडी १९५ किलोत बसवावी लागेल. तेवढ्यात बुलेट येते, कशीबशी. आणि ती सेव्हन १७० सुद्धा जेमतेम ताशी १६८ किलोमीटरपर्यंतच पळते, कारण सरळ रस्त्यावर शेवटी वजन नाही, हवा आडवी येते. हलक्या गाडीची कमाई वळणात आणि ब्रेकिंगमध्ये असते. फेरारी मागे पडलीच तर तिथे.

आता पाइप. या एका वाक्यासाठी मेसेज लिहिणाऱ्याला धरून विचारायला हवं.

जीआय पाइप पाण्यासाठी असते. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे बनते, पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेली, ताणशक्ती किमान ३२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एफआयए ही मोटार शर्यतींची जागतिक संघटना; तिच्या नियमावलीच्या परिशिष्ट 'जे' मधलं कलम २५३ मेन रोल बारसाठी, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या मुख्य कमानीसाठी, काय मागतं? थंड ओढलेली, बिनशिवणीची कार्बन स्टीलची ट्यूब, ताणशक्ती किमान ३५०, माप ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २. 'पण जीआय जाड असते ना?' असते. दीड इंची बी क्लास पाइप बाहेरून ४८ मिमी, जाडी ३.२, आणि वजन मीटरला साडेतीन किलोच्या वर. एफआयएवाली ४५ मिमीची ट्यूब मीटरला २.६ किलो. फ्रेमला १५ मीटर लागली तर गाडी हलकी करायला निघालेला माणूस तिच्यात १४ किलो जास्त टाकणार, तेही हलक्या दर्जाचं लोखंड.

वेल्डिंगचं तर विचारूच नका. जस्ताचा थर न काढता आर्क मारली की वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. वरून वेल्ड छान दिसतो, आत चाळण. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडीताप भरतो, हे कुठलाही ग्रिलवाला सांगेल. वाकवतानाही तेच: वाळू भरून, तापवून वाकवली की आतल्या बाजूला चुणी पडते. कलम २५३ प्रमाणे ट्यूब थंडच वाकवायची आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ मिमीला १३५.

समजा हे सगळं कोणी नीट केलं, तरी फ्रेम पहिली हरते पायाशी. गाडी उलटली की पाइप मोडायच्या आधी तिचा पाय फ्लोअरच्या पत्र्यातून खाली घुसतो. म्हणून मेन बारच्या प्रत्येक पायाखाली १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिमी जाड प्लेट आणि किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. आता गोव्यात वीस पावसाळे काढलेल्या मारुतीचं कार्पेट उचला. खाऱ्या वाऱ्याने आणि चिखलाने सिल (दाराखालचा पट्टा) आणि फ्लोअर आतून खाल्लेले असतात, स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो. प्लेट कशाला बोल्ट करणार, गंजाला? आणि अशी फ्रेम मारून बिनहेल्मेट रस्त्यावर फिरणार असाल तर साध्या धडकेतही डोकं पाइपवर आपटतं.

कॅटरहॅम आणि मारुतीत खरा फरक इथे आहे. सेव्हनमध्ये भार चौकट घेते, म्हणून नाकाचं आणि मडगार्डचं फायबर खुशाल काढा. मारुतीला चौकटच नाही. छप्पर, सिल, फ्लोअर, मागच्या चाकांवरचे पत्रे हीच तिची चासी. ते कापून फायबर लावलं की गाडी वळणात पिळते आणि सस्पेन्शनची केलेली सेटिंग हवेत जाते.

फायबरने वजन तरी किती वाचतं? बोटवाले मेस्त्री काचेच्या धाग्यांच्या, चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर हाताने लावतात. काचेच्या दुप्पट-अडीचपट रेझिन आणि वर जेलकोट धरला तर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. मूळचा ०.७ मिमी पत्रा साडेपाच किलो. अर्ध्या किलोसाठी गाडी कापायची! बोटीला ते थर योग्यच आहेत, मेस्त्रींचा काही दोष नाही.

ब्रेकचं थोडक्यात. मागची सीट, काच, डिकी काढली की मागची चाकं हलकी होतात, पण ड्रमला ते कळत नाही. ब्रेक मारला की मागचं चाक आधी लॉक होतं, आणि जूनच्या ओल्या घाटात गाडी स्वतःभोवती फिरते. शिवाय डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, दमटपणा शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. आपल्या हवेत ते किती लवकर होत असेल ते बघा.

कायदा एका ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना मनाई करतं, मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ट्रेलरवरून ट्रॅकला नेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण गोव्यात कायमचा ट्रॅक नाही.

भाच्याला सांगितलंय ते असं: सिल ठोकून बघ, गंज असेल तर ती गाडी सोड. चांगली मिळाली तर कापू नकोस. डॉट ४ ऑइल, नवे होज, चांगले पॅड, नवे बुश आणि शॉकअप, चार बरे टायर, एक हेल्मेट. उरलेल्या पैशात कोईमतूरला करी ट्रॅकवर जाऊन ये.